सोलापूर आणि भोवतालची गावं: बसचा आराखडा कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर शहर आणि त्याला चिकटून वाढलेली गावं एकत्र धरून सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा करायचा झाला, तर सुरुवात कुठून करायची? मेट्रोसारखं काही हवं का? आणि केंद्राच्या योजनेतून मंजूर झालेल्या शंभर ई-बस पुरतील का? मी बरीच वर्षं शहरांच्या बससेवेच्या नियोजनात काम करतो आहे आणि सोलापूरचे रस्ते मला माहीत आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेट्रोचा विषय आधी संपवू. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटरला, ११,४२० कोटी रुपये मंजूर झाले होते. किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या वर. एवढा पैसा ओतायचा तर एकाच रस्त्यावरून तासाला हजारो माणसं एका दिशेने जात असली पाहिजेत. साठ माणसांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला १,८०० माणसं जातात. सोलापुरात आज दोन मिनिटांनी बस सुटते असा एकही रस्ता नाही. दहा मिनिटांनी हमखास बस मिळेल असा रस्ता आधी तयार करू. त्या बस भरून वाहू लागल्या की पुढचं बोलता येईल.

आता मुख्य मुद्दा. सोलापूरचा आराखडा करताना पहिली चूक होते ती नकाशा निवडताना. महापालिकेच्या हद्दीचा नकाशा भिंतीवर लावला की आराखडा तिथेच बिघडतो. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचं क्षेत्र एकदम १७८.५७ चौरस किलोमीटर झालं आणि जुन्या पेठांच्या बाहेरचा मोठा पट्टा पालिकेत आला. आजही लोक त्याला हद्दवाढ भागच म्हणतात. पण गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात मोठी वस्ती त्या हद्दीच्याही बाहेर उभी राहिली आहे. अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत.

कुंभारीकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण सोलापूरच्या वाहतुकीचा निम्मा पेच तिथे दिसतो. २००६ मध्ये तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली. त्यानंतर रे नगरचा प्रकल्प आला, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. घर मिळणं ही या कामगारांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण दोन्ही वसाहतींची चाळीस हजार घरं भरली आणि घरटी चारच माणसं धरली, तरी ही वस्ती एक लाख साठ हजारांची होते. २०११ च्या जनगणनेतलं पंढरपूर एक लाखाच्या आत होतं. म्हणजे शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर पंढरपुराहून मोठं गाव वसतं आहे. त्यातल्या बहुतेकांचं काम, बाजार, दवाखाना आणि नातेवाईक शहरातच आहेत.

या वस्तीला घर स्वस्त मिळालं आणि प्रवास महाग पडला, तर घराचा फायदा रस्त्यातच संपतो. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ती घरी विड्या वळते, कारखान्यात नेऊन देते, दुसऱ्या दिवसासाठी पान-तंबाखू घेऊन परत येते. हातात ओझं असतं. तिची वेळ कचेरीच्या गर्दीची नसते, मधल्या सकाळची किंवा दुपारची असते. येता-जाता ती भाजी घेते, सिव्हिलमध्ये कुणाला तरी भेटते, पोराच्या शाळेत डोकावते. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्याच वेळात बस भरपूर ठेवून दुपारी गाड्या डेपोत उभ्या करणारं वेळापत्रक तिच्या उपयोगाचं नाही. यंत्रमागावरच्या कामगाराला पाळी बदलताना बस हवी, रात्रीच्या पाळीलाही हवी. म्हणून सोलापूरचं वेळापत्रक कचेरीच्या शहरांकडे पाहून करता येत नाही. इथे दिवसभर सारखी चालणारी सेवाच लागते.

तेव्हा भिंतीवरचा नकाशा माणसांच्या रोजच्या येण्या-जाण्याचा हवा. पूर्वेला कुंभारी, दक्षिणेला होटगी आणि फताटेवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा परिसर, पश्चिमेला बाळे, केगावचं विद्यापीठ आणि त्यापुढे मोहोळ रस्त्यावरची चिंचोळी एमआयडीसी, उत्तरेला तुळजापूर रस्त्यावर तळे हिप्परगा, आणि हैदराबाद रस्त्यावर मार्केट यार्ड नि विडी घरकुल वसाहत. एवढा पट्टा एक मानायचा.

कायद्यातही याला आधार आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-पी मध्ये महानगर क्षेत्रासाठी दहा लाख लोकसंख्येची अट आहे. २०११ ला सोलापूर महापालिकेची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे अट थोडक्यात हुकली. पण हे क्षेत्र एकापेक्षा जास्त नगरपालिका, पंचायती आणि लगतचा भाग मिळून धरायचं असतं. कुंभारी, होटगी आणि भोवतालची गावं जोडली तर दहा लाखांचा आकडा ओलांडायला अडचण येऊ नये. हा कागद झाला की वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण मागायला बळ मिळतं.

प्राधिकरणाचा आग्रह का, तर आज प्रत्येक जण आपापल्या तुकड्याचा विचार करतो. महापालिकेचा परिवहन उपक्रम शहर पाहतो, एसटी तालुक्याचं गाव पाहते, रिक्षांचे परवाने आरटीओ देतं, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहेत आणि वाहतूक शाखा पोलिसांची. कुंभारीच्या बाईची एक फेरी यातल्या चौघांच्या अखत्यारीतून जाते. शेजारी कर्नाटकात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटला आहे. कलबुर्गी आणि विजयपुरात शहर बस आणि खेड्याची बस एकच महामंडळ चालवतं. हुबळी-धारवाडची लोकसंख्या २०११ ला जवळपास सोलापूरएवढीच होती, आणि तिथेही शहर नि ग्रामीण सेवा राज्याच्याच महामंडळाकडे आहे. सगळंच तिथे आदर्श आहे असं नाही, पण हद्द संपली म्हणून बस वळली, असं होत नाही. आपल्याकडे पुण्याने २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी काढली, ती याच कारणासाठी. सोलापुरात लगेच नवी कंपनी काढा असं मी म्हणणार नाही. महापालिका, एसटी आणि जिल्हा प्रशासन यांनी मार्ग, तिकीट आणि परवाना या तीन बाबींवर लेखी करार केला तरी सुरुवातीला पुरेल.

आता सर्वेक्षण. मोठ्या सल्लागार कंपन्या घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरतात, वर्ष जातं, जाडजूड अहवाल येतो. ते काम निरुपयोगी नाही, पण सोलापुरात त्याआधी एक सोपं आणि पक्कं काम करता येतं: शेअर रिक्षा मोजा. कुठल्या नाक्यावरून कुठे, किती वाजता, किती माणसं बसून जातात, हे पहाटेपासून रात्रीपर्यंत मोजायचं. कामाचा एक दिवस, एक सुट्टीचा आणि एक बाजाराचा दिवस घ्यायचा. रिक्षावाल्याला तोट्यात धंदा करता येत नाही, त्यामुळे तो जिथे आहे तिथे प्रवासी नक्की आहेत. अशोक चौक, कन्ना चौक, आसरा, सात रस्ता, जुना पुणे नाका, मार्केट यार्ड अशा ठिकाणी महाविद्यालयातली मुलं बसवली तर पंधरवड्यात शहराच्या खऱ्या मागणीचं चित्र हाती येतं. त्याला बसच्या तिकीट यंत्रांमधली माहिती जोडा. मात्र ती सावधपणे वाचा, कारण जिथे बस तासाला एक जाते तिथे तिकिटं कमी फाटणारच. त्यावरून मागणी नाही असा निष्कर्ष काढून फेऱ्या कमी करायच्या, फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेले प्रवासीही सोडून जातात आणि शेवटी मार्ग बंद होतो. अनेक शहरांत चांगले मार्ग असेच मेलेले मी पाहिले आहेत.

जाळ्याची रचना हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. जुन्या पद्धतीत बहुतेक मार्ग रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड किंवा छत्रपती शिवाजी महाराज चौकाच्या आसपास येऊन थांबतात. जुळे सोलापूरची बस गावात, म्हणजे शहराच्या मध्यभागी, येऊन संपते, विडी घरकुलची बस गावात येऊन संपते. मध्ये ज्याला आरपार जायचं आहे तो उतरतो, चालतो, दुसरी बस शोधतो. शिवाय शहराची सगळ्यात महाग आणि सगळ्यात दाटीची जागा उभ्या बसनी अडते. त्यापेक्षा मार्ग आरपार करा. एका टोकाच्या वस्तीतून निघून गावातून दुसऱ्या टोकाला जा. गाडीची विश्रांती टोकाला, जिथे जागा आहे तिथे.

माझ्या डोळ्यांसमोर चार मुख्य मार्ग आहेत. कुंभारीहून अक्कलकोट रोड एमआयडीसीवरून गावात येऊन पुढे जुना पुणे नाका आणि बाळे. सैफुल-विजापूर रोडवरून सात रस्ता, गाव, मार्केट यार्ड आणि विडी घरकुल. जुळे सोलापूर-आसरा ते एसटी स्टँड आणि शेळगी. होटगी रोड ते केगाव विद्यापीठ. हे चौघे गावात दोन-तीन ठराविक ठिकाणी एकमेकांना छेदतील, म्हणजे एका बदलात कुठूनही कुठेही जाता येईल. पाचवी सेवा चिंचोळी एमआयडीसीची, ती पाळीच्या वेळांना बांधलेली. नेमके चौक सर्वेक्षणानंतर बदलतील, पण साचा हाच राहावा असं मला वाटतं.

आता गणित. कुंभारी ते बाळे हा मार्ग समजा सोळा किलोमीटरचा आहे आणि थांबे, सिग्नल, गर्दी धरून बसचा सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटर पडतो. एका बाजूला एक तास, दोन्हीकडून दोन तास, शिवाय दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा. एकूण १४० मिनिटं. दर दहा मिनिटांनी बस हवी तर १४० भागिले १० म्हणजे चौदा गाड्या. आता हाच वेग ताशी वीस झाला तर जाता-येता ९६ मिनिटं लागतात, थांबे धरून ११६, म्हणजे बारा गाड्यांत तीच सेवा होते. चौकातली हातगाड्यांची गर्दी बाजूला घेणं, थांब्यापुढची पार्किंग उठवणं, दोन सिग्नलच्या वेळा जुळवणं एवढ्यानेच दोन गाड्या मोकळ्या होतात. महापालिकेचे बांधकाम आणि अतिक्रमण विभाग बसच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून बसले पाहिजेत, ते यासाठी. नवी बस घेण्याइतकंच ते काम मोलाचं आहे आणि खर्च जवळजवळ नाही.

चार मार्गांना मिळून सुमारे बावन्न गाड्या, चिंचोळी आणि रात्रपाळीला आठ, दुरुस्ती-चार्जिंगसाठी राखीव दहा. शंभरातल्या तीस उरतात. त्या पसरट सेवेसाठी, म्हणजे जिथे प्रवासी थोडे आहेत पण बस नसेल तर माणूस अडतो अशा भागांसाठी. इथे लोकप्रतिनिधींचा दबाव येतो आणि तो समजण्यासारखा आहे. प्रत्येक प्रभागाला वाटतं की आपल्याकडेही बस यावी. पण शंभर गाड्या चाळीस मार्गांवर वाटल्या तर प्रत्येक ठिकाणी तासाला एक बस मिळते आणि तासाला एक बस कुणाच्याच कामाला येत नाही. पसरट सेवेचा वाटा आधीच जाहीर ठरवून ठेवा, तीस टक्के म्हणजे तीसच टक्के. वाद त्या तीसच्या आत होऊ द्या. मुख्य मार्गांवरची दहा मिनिटांची बस कुणाच्या पत्रावरून काढली जाणार नाही, असा ठराव परिवहन समितीने आणि सर्वसाधारण सभेने करून ठेवावा.

गाड्या कुठल्या आकाराच्या? पेठांमधले रस्ते पाहता नऊ मीटरची गाडी बहुतेक ठिकाणी सोयीची. बारा मीटरची गाडी कुंभारी, केगाव, चिंचोळीसारख्या रुंद महामार्गाच्या मार्गांवर द्यावी. या शंभर बस ज्यातून मंजूर झाल्या त्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्र दहा वर्षं किलोमीटरमागे मदत देतं: बारा मीटरच्या गाडीला २४ रुपये, नऊ मीटरला २२, सात मीटरला २०. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची. पालिका त्याला चाललेल्या किलोमीटरचे पैसे देते आणि तिकिटाचं उत्पन्न पालिकेकडे येतं. या पद्धतीवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि चालकांच्या पगाराचा प्रश्न करारातच सोडवला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण जुन्या पद्धतीचं काय झालं हे सोलापूरने पाहिलं आहे. जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या जुन्या योजनेतून केंद्राच्या पैशाने गाड्या आल्या, त्यातल्या कित्येकांच्या चासी, म्हणजे खालचे सांगाडे, तडकल्या आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. गाडी विकत घेतली की सेवा मिळतेच असं नाही. किलोमीटरच्या करारात बिघडून उभ्या राहिलेल्या गाडीचे पैसे द्यावे लागत नाहीत, हा मोठा फरक आहे.

मात्र करार चालवायला माणसं लागतात. बस वेळेआधी निघाली, थांबा चुकवला, फेरी अर्धवट सोडली तर दंड लावणारं नियंत्रण पालिकेचं हवं. त्यासाठी जीपीएसची माहिती रोज वाचणारा छोटा पण जाणकार विभाग हवा. मला या विभागाची काळजी बसपेक्षा जास्त वाटते, कारण बस केंद्र देईल, हा विभाग कुणी देणार नाही.

तूट राहणार, हेही आधीच मान्य करा. नव्वद गाड्या रोज १८० किलोमीटर चालल्या तर वर्षाला सुमारे ५९ लाख किलोमीटर होतात. केंद्राची मदत आणि तिकीट धरूनही किलोमीटरमागे वीस रुपये कमी पडतात असं उदाहरणादाखल धरलं, तर पालिकेला वर्षाला बारा कोटींच्या आसपास द्यावे लागतील. रस्त्याच्या डांबराला कुणी नफा विचारत नाही, पाण्याच्या टाकीलाही नाही. बसच्या या रकमेला अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं आणि ती दर महिन्याला वेगळ्या खात्यात जमा व्हायला हवी, म्हणजे ठेकेदाराचं बिल थकत नाही आणि सेवा बंद पडत नाही.

तिकिटाचंही पाहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. शहर बसमध्ये तशी सवलत नसेल तर कुंभारीची बाई एसटीची वाट पाहील आणि आपली बस रिकामी धावेल. सवलत सारखी करा, आणि मासिक पास दोन्हीकडे चालू द्या. विडी कामगारांसाठी महिन्याचा नको, आठवड्याचा पास काढा. हातात आठवड्याला पैसा खेळणाऱ्या घराला महिन्याचा पास एकदम घेणं जड जातं.

शेअर रिक्षा बंद करायच्या का, हा प्रश्न दरवेळी येतो. नाही. इतकी वर्षं शहर त्यांनीच चालवलं आहे आणि हजारो घरं त्यावर पोसली जातात. मुख्य रस्त्यावर बससमोर प्रवासी उचलण्याऐवजी त्यांना आडव्या गल्ल्यांमधून बस थांब्यापर्यंत माणसं आणण्याचे ठराविक मार्ग द्या, थांब्याजवळ हक्काची जागा द्या. हा बदल संघटनांशी बसून, टप्प्याटप्प्याने आणि मुख्य मार्गावर बस खरोखर दहा मिनिटांनी धावू लागल्यानंतरच करावा. आधी रिक्षा उठवल्या आणि बस आली नाही तर लोक दुचाकी घेतील, आणि दुचाकी घेतलेला माणूस बसकडे सहज परतत नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात. दौंडकडचा मार्ग दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला आहे, बाळे, पाकणी, टिकेकरवाडी, होटगी ही स्थानकं आहेत, त्यामुळे लोकलची कल्पना आकर्षक वाटते. पण हा मुंबई-चेन्नई मुख्य मार्ग आहे, मालगाड्यांनी व्यापलेला, आणि वेळापत्रक आपल्या हाती नाही. आराखडा त्यावर उभा करू नका. आहेत त्या पॅसेंजर गाड्यांच्या वेळेला स्टेशनवर बस जुळवा, एवढं लगेच होण्यासारखं आहे.

थांब्यांकडे दुर्लक्ष होतं, म्हणून आग्रहाने सांगतो. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात निवारा नसलेल्या थांब्यावर दहा मिनिटंही म्हातारं माणूस उभं राहू शकत नाही. जाहिरातीचे पत्र्याचे निवारे दुपारी तापतात. कडुलिंब लावा, तोपर्यंत जाड छप्पर आणि पाण्याची सोय करा. पाटीवर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूही असू द्या, पूर्व भागातल्या आजीला तेवढाच आधार. थांब्यापर्यंतचा पदपथ आणि रस्ता ओलांडायची जागा हाही बसच्याच आराखड्याचा भाग आहे, विशेषतः महामार्गावर, जिथे कुंभारीची मुलं अवजड गाड्यांमधून रस्ता ओलांडतात.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, तिथल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, कोजागरीला तुळजापूरच्या पायी वाटेवर, कांद्याच्या हंगामात हैदराबाद रस्त्यावर वाहतूक वळवावी लागतेच. तारखा वर्षभर आधी माहीत असतात. प्रत्येकाचा पर्यायी मार्ग छापून ठेवा, म्हणजे त्या दिवशी बस बंद न होता दुसरीकडून जाते.

राहिला प्रश्न शंभर पुरतील का. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या निकषांत हजार माणसांमागे ०.६ बस ही चांगली पातळी आहे. २०११ ची लोकसंख्या धरली तरी सोलापूरला ५७० बस लागतात, ०.४ ची मधली पातळी धरली तरी ३८०. शंभर बस म्हणजे हजारामागे जेमतेम ०.१. तेव्हा पुरणार नाहीत. पण चार मुख्य मार्गांवर सहा महिने दहा मिनिटांची बस धावली, प्रवाशांचे रोजचे आकडे जाहीर झाले, तर पुढच्या शंभर गाड्यांच्या मागणीला पुरावा मिळेल. त्यातल्या पहिल्या वीस कुंभारी मार्गावर घालून तिथे चार-पाच मिनिटांची बस करा, पुढच्या वीस विजापूर रोडला. उरलेल्या साठांसाठी हद्दवाढ भागातून गावात न येता एका उपनगरातून दुसऱ्यात जाणारा वळसा मार्ग आखा, जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी असा. डेपोची जागा मात्र आत्ताच पूर्व बाजूला राखून ठेवा. नाहीतर कुंभारीच्या पहिल्या बससाठी रोज पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकावरून रिकामी गाडी धाडावी लागेल आणि त्या रिकाम्या किलोमीटरचे पैसेही पालिकेलाच मोजावे लागतील.